गप्प बसलो त्याचं कारण

रांजणगाव, ९ फेब्रुवारी २०००

सुमैया यांना,

कवठे येमाईच्या शोएबचा सलाम. तोच शोएब. पत्र फाडायचं असेल तर इथंच फाडा, पुढं अजून मजकूर आहे, उगाच हात दुखतील.

पाकिटावर तुमच्या आत्याचं, सुलतानबी फुफूंचं, नाव टाकलंय. सुलतानबींना वाचता येत नाही, म्हणजे त्या वाचून घ्यायला तुमच्याकडंच येणार, असा माझा हिशेब. मराठीत लिहितोय कारण उर्दूत मला माझं नाव सोडून काही लिहिता येत नाही, आणि बघायला आलो त्या दिवशी तुम्ही म्हणाला होता की तुमची शाळाही मराठीच. शाळेत पत्रलेखन पाच मार्कांना होतं. मला तीन पडले, मायना चुकला म्हणून दोन गेले. आजही काय मायना घालावा ते सुधरेना. निकाह झाला असता तर सोपं होतं. जाऊ दे.

आज सतरा दिवस झाले. दौंडच्या त्या मंगल कार्यालयात चारशे माणसांसमोर काजींनी मला तीनदा विचारलं आणि मी गप्प बसलो. मग उठलो. मग पळालो. तुम्ही आत बायकांत होता. तुमचा होकार निकाहातले वकील आणि साक्षीदार आधीच घेऊन आले होते, तो माझ्यासमोर सांगितला असणार. म्हणजे तुम्ही व्हय म्हणून बसलेल्या आणि मी असा.

तब्येत बरी नव्हती. सकाळपासून पोटात काही नव्हतं, सेहऱ्याची फुलं डोळ्यांपुढं, आत उकाडा. चक्कर आल्यासारखं झालं. माझ्या भावानं, अजीमभाईनंही तुमच्या अब्बांना हेच सांगितलंय म्हणे.

मी इथं रांजणगावात एका कंपनीत ठेकेदाराकडं आहे. खोलीत बिहारची चार पोरं आहेत, ती विटांवर जाळ करून कणकेचे गोळे भाजतात, त्यात सातू घालतात, एकदम झकास लागतात. कुठं होतो? हां. परवा कंपनीच्या बसवर एक नवा ड्रायव्हर आला, दौंडचा. मी कोण ते त्याला ठाऊक नाही. पुढच्या सीटवर, त्याच्या कानाजवळ बसलो होतो, म्हणून सगळं कळलं. म्हणाला, “आमच्या हितं इक्बाल रेल्वेवाल्याच्या पोरीचा निकाह मोडला. नवरदेव भर मांडवातनं उठला. आता कोण उगाच उठतंय का? पोरीत काहीतरी खोट असणार, ऐन टायमाला कळली असणार.”

मी म्हणालो, “खोट बिट काय न्हाई.”

“तुला काय म्हाईत?”

मी पुढच्या थांब्याला उतरलो आणि पाच किलोमीटर चालत आलो. त्या दिवसाची हजेरी बुडाली.

माझ्या गप्प बसण्याचा असा अर्थ निघेल हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी नाही म्हटलेलं नाही, एवढं तुम्ही ध्यानात ठेवा. बस.

शोएब

ता. क. तब्येतीचं खोटं आहे. पोट भरलेलं होतं, सकाळी दोन वाट्या शीरखुर्मा खाल्ला होता. शेरवानीच्या आतल्या खिशात मशीन होतं. कानाचं. वायर कॉलरमधनं कानात, वरनं सेहरा. मला कमी ऐकू येतं. सहा वर्षांचा असल्यापासनं. तुमच्या घरी हे कोणी सांगितलं नव्हतं.

 

पाबळ, २ मार्च २०००

सुमैया यांना,

तुमचं कार्ड मिळालं. मी रांजणगाव सोडलंय, बिहारच्या पोरांनी ते एका दूधवाल्याकडं दिलं, त्यानं कुणाला, असं करत इथं पोचलं, म्हणजे अर्ध्या तालुक्यानं ते वाचलं असणार. एकच ओळ. “मशीन लपवायचं तुमच्या भावानं ठरवलं असेल. तुमचं वय काय?”

वय तेवीस.

बरोबर आहे तुमचं. तरी सांगतो.

सहा वर्षांचा असताना ताप डोक्यात गेला आणि कान गेले. पूर्ण नाही, निम्मेअर्धे. आमच्या शाळेला तेव्हा खोली नव्हती, चौथीपर्यंतचा वर्ग वडाखाली भरायचा. मी गुरुजींच्या पायाशी बसायचो आणि पहिला यायचो. खरंच पहिला, अजीमभाईला विचारा. मग पाचवीला स्लॅबच्या नव्या खोलीत गेलो, गुळगुळीत फरशी, गुळगुळीत भिंती, आणि मी ढ झालो. मास्तर बोलायला लागले की रिकाम्या हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखं. आठवीत असताना शिरूरला शिबिरात मशीन मिळालं, खिशात ठेवायचं, वायरवालं. मला वाटलं, सुटलो! ते लावून वर्गात गेलो तर हंडा मोठा झाला फक्त. नववीत शाळा सोडली. घरचे म्हणाले, पोराचं चित्त थाऱ्यावर नाही. तेव्हापासनं हेच. कुठल्या कारखान्यात, गोडाऊनमध्ये, शेडमध्ये दोन महिने टिकलो की पाय उठतात. लोक म्हणतात फिरस्ता आहे. मीही म्हणतो, ऐकू येत नाही म्हणण्यापेक्षा बरं.

आणि न ऐकता व्हय म्हणायची एक खोड लागते. ‘काय?’ एकदा विचारता येतं, दोनदा चालतं, तिसऱ्यांदा समोरच्याचं तोंड बदलतं. मग व्हय म्हणून टाकायचं. एकदा शिरूर-बारामती एस.टी.त शेजारच्यानं काहीतरी विचारलं, मी व्हय म्हणालो, तर तो बाबा चौफुल्याला उतरला आणि त्याची म्हातारी आई माझ्यापाशीच! तिला बारामतीला लेकीकडं पोचवायचं कबूल केलं होतं म्हणे मी. पोचवली. लेकीनं जेवायला घातलं, मेथीची भाजी आणि बाजरीची भाकरी. अशा व्हयव्हयवर माझं निम्मं आयुष्य चाललंय.

आता नोव्हेंबरात बघायला आलो ते. मशीन शर्टाच्या आत, कानावर मफलर. सुलतानबींच्या खोलीत बसवलं होतं. मी मनातनं व्हयव्हयची तयारी करून बसलेलो. आणि तुम्ही आला आणि म्हणाला, “चहात साखर हाय का बघा, फुफू विसरतात.” मग म्हणाला, “माझी शाळा मराठीच, दहावीपर्यंत.” आणि मग, “तुम्ही कुठं राहता म्हणजे? गावात का कंपनीत?” तीन वाक्यं. तिन्ही मला पहिल्या फटक्यात कळली, एकदाही ‘काय?’ न म्हणता. घरात असं आईशिवाय कुणाचं कळत नाही, आणि ती तर कानात ओरडते. मला वाटलं, हिच्या आवाजातच काहीतरी आहे. बाहेर आल्यावर अजीमभाईनं विचारलं आणि मी व्हय म्हणालो. तो व्हय खरा होता.

पुढं ठरलं ते असं. मशीनचं सांगायचं नाही. निकाहाला अजीमभाई माझ्या शेजारी बसणार, काजींनी विचारलं की मांडीला चिमटा काढणार, मी कबूल म्हणायचं. तीन चिमटे, तीन कबूल. “काय अवघड हाय त्यात?” अजीमभाई म्हणाला. मी व्हय म्हणालो.

त्या दिवशी त्याने चिमटा काढला. काजी माईकवर बोलत होते, वर पत्रा, चारी बाजूंनी कोऱ्या भिंती, खाली चकचकीत फरशी, दोन कोपऱ्यांत दोन मोठे स्पीकर. तोंड बघून शब्द जुळवावेत तर सेहरा. आणि सेहऱ्याची फुलं हलली की वायरीवर खर्र खर्र. मी वाट बघत होतो तुमच्या नावाची. काजी नाव घेतात ना, अमक्याची मुलगी अमकी. ते कळलं की म्हणणार होतो. नुसता हू हू हू आवाज. दुसरा चिमटा. काजींनी मोठ्यानं विचारलं, आणखीच हू हू. लोकांना हे कळत नाही, मोठ्यानं बोलल्यावर शब्द मोठा होत नाही, गोंगाट मोठा होतो. तिसऱ्या चिमट्याला डोळ्यांत पाणी आलं एवढा जोरात काढला त्याने. आणि मला वाटलं, म्हातारीला बारामतीला नेलं तसं हिला घरी न्यायचं का? कशाला व्हय म्हणतोय ते न ऐकता?

म्हणून उठलो. काजींच्या जवळ जायला उठलो. कान त्यांच्या तोंडाशी न्यायचा होता, एवढंच. पण नवरदेव उठला म्हटल्यावर गलका झाला. कुणी हात धरला, कुणी कॉलर, कानातली वायर निघाली. मग मात्र काहीच कळेना, सगळी तोंडं नुसती हलत होती, आणि मी पळालो. उठलो ते जवळ जायला. पळालो ते मात्र पळालोच, त्याला काही सबब नाही.

शोएब

 

पाबळ, २६ मार्च २०००

सुमैया यांना,

बकरी ईदला घरी गेलो नाही. अजीमभाई बोलत नाही, आई नुसती रडते.

तुमचं काही आलं नाही. न येऊ दे. मला एक गोष्ट कळलीय, ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही आणि तुमच्याशिवाय कुणाला सांगणार.

इथं मी साहेबरावांच्या हाताखाली फॅब्रिकेशनला आहे. साहेबराव म्हणजे पन्नाशीचा गडी, मिशा पांढऱ्या, डाव्या हाताला साडेचार बोटं, बाकीचं अर्धं कटरमध्ये गेलं ते कुठं गेलं याची दर वेळी नवी गोष्ट सांगतो. एका शेतकऱ्याला गोल घुमटाची खोली बांधून देतोय. आधी पाइपांचा सांगाडा, त्रिकोणाला त्रिकोण जोडून. मग जाळी, वर सिमेंटचा गिलावा.

सांगाडा होता तोवर साहेबराव वरून हाक मारायचा, “शोएब्या, बाराचा पाना दे,” आणि मी बाराचाच द्यायचो. पंधरा दिवस चूक नाही. मला वाटलं, हवा मानवली. मग गिलावा झाला. वाळला. आत गार वाटत होतं, पत्रावळीवर जेवायला बसलो. साहेबराव काहीतरी म्हणाला, मी त्याला पाणी दिलं. पुन्हा म्हणाला, मी मीठ दिलं. तो माझ्याकडं बघतच राहिला.

“शोएब्या, टिंगल करतो का? इतके दिस तर बरा ऐकत हुतास.”

तीच जागा. तेच आम्ही दोघं. तेवढंच अंतर. फक्त वरनं गिलावा पडला होता.

मी शर्टाचं बटण काढून त्याला मशीन दाखवलं. कुणाला आपणहून दाखवायची ही पहिलीच वेळ. त्याने ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं, आपल्या कानाला लावलं, “आरं तिच्या!” म्हणून फेकल्यासारखं परत दिलं. मग खोलीच्या मधोमध उभा राहून टाळी वाजवली.

“किती ऐकू आल्या?”

“लय. मोजता येईनात.”

“म्या तर एकच वाजवली.” त्याने अजून एक वाजवली. “हे बघ. टाळी एक, पण ती भिंतीला जाऊन माघारी येती, ह्या भिंतीवरनं, त्या भिंतीवरनं, वरनं. मला बी घुमतंय. पण माझा कान पयला आवाज धरतो आन् मागचं सोडून देतो. तुझं मशीन बिचारं इमानदार हाय. जे येईल ते समदं मोठं करून तुझ्या कानात ओततंय. एक शब्द संपतो न संपतो तवर त्याचीच शेपटी फुडच्या शब्दावर पडती.”

मग त्याला चेवच चढला. काम सोडून आम्ही दुपारभर तेच केलं. मी खोलीच्या एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला, तोंडापुढं थापी धरून गावांची नावं घ्यायचा. निमगाव, न्हावरा, नागरगाव, निर्वी, मुद्दाम सारखीसारखी. दहातली मला तीन कळली. मग सगळं गोणपाट आणून आतनं तारांवर टांगलं, खाली पेंढा पसरला. दहातली सात. मग त्याला हातभर अंतरावर बसवला. नऊ! दहावं कुठलं हुकलं ते त्यालाही आठवेना. ज्याची खोली तो शेतकरी आला, बघतो तर घुमटात गोणपाट लोंबतंय आणि आम्ही दोघं समोरासमोर बसून गावांची नावं घेतोय. म्हणाला, “काय, इलेक्शनला उभं राहताय का काय?”

रात्रभर नाही, पण बराच वेळ मी विचार करत होतो. वडाचं झाड. स्लॅबची खोली. कंपनीची शेड. माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं असं नाही, खोल्याच तसल्या होत्या. तेवीस वर्षांत हे कुणी सांगितलं नाही. शिबिरातल्या डॉक्टरनं मशीन कानाला लावून दिलं आणि म्हणाला, जा, आता ऐक.

आणि मग तुमच्या फुफूंची ती गोधड्या शिवायची खोली आठवली. तीन भिंतींना छतापर्यंत गोधड्यांच्या चवडी. दोरीवर गोधड्या. खाली चिंध्यांचा ढीग, मी त्यावरच बसलो होतो. टाळी वाजवली असती तर टाळीच वाजली नसती तिथं.

तेव्हापासनं माझ्या डोक्यात एकच किडा. मला तुमचा आवाज कळला, का गोधड्यांमुळं कुणाचाही कळला असता? मी व्हय म्हणालो ते तुम्हाला का त्या खोलीला? हे असलं कुणी पत्रात लिहीत नाही, पण लपवायचं नाही असं ठरवलंय. राग आला तर आला.

शोएब

 

शिरूर एस.टी. स्टँड, १८ एप्रिल २०००

सुमैया यांना,

बाकावर बसून लिहितोय, अक्षर सांभाळून घ्या. शेजारी एक बाई आहे, तिच्या पिशवीत कोंबडा आहे, तो डोकं बाहेर काढून पत्र वाचतोय.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. “त्यातल्या निम्म्या गोधड्या मी शिवलेल्या आहेत.” एवढं वाचून मी पाबळच्या बाजारात एकटाच हसत उभा होतो, लोक बघायला लागले. माझा किडा तिथंच मेला.

पण खालचं वाचलं आणि हसू गेलं. पाणी भरायला गेलं की बायका तुम्हाला पायापासून डोक्यापर्यंत बघतात. पुण्याच्या एका घरानं बघायला यायचं ठरवलं आणि मग निरोप धाडला की नको, आधीच्या मुलानं काहीतरी बघितलं असेल. तुमच्या मामींनी तुम्हाला कोपऱ्यात घेऊन विचारलं, “खरं सांग, तुला काही हाय का?” आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, “मला पत्रं लिहून काय उपयोग? मला माहीत आहे. दौंडाला माहीत नाही. ज्यांच्यासमोर गप्प बसलात त्यांच्यासमोर येऊन बोला. मग माझं काय ते मी बघेन.”

आज दोनदा दौंडच्या गाडीत बसलो आणि दोनदा उतरलो. दुसऱ्यांदा कंडक्टर म्हणाला, “ओ पावणं, गाडी बघायला आलाय का?”

कशाला भितोय ते सांगतो. मार खायला नाही. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीत उभं राहायचं, हे मी ठरवलंय, कारण निकाहाला आलेले सगळे तिथंच सापडतील. पण ती जागा म्हणजे फरशी, उंच छत, कोऱ्या भिंती. माझं मी बोलेन. पण ते विचारतील त्यातलं मला ओ का ठो कळणार नाही. पुन्हा हू हू हू. आणि पुन्हा मी गप्प. दुसऱ्यांदा गप्प बसलो तर तुमचं काय राहील?

आणि दुसरी भीती, तीही सांगून टाकतो. ज्या दिवशी चारचौघांत ‘मी बहिरा’ म्हणेन, त्या दिवसापासनं मी बहिरा. आजवर नुसता फिरस्ता होतो. फिरस्त्याला लोक चहा पाजतात, त्याच्या गोष्टी ऐकतात. बहिऱ्याशी हातवारे करतात. मला ते सहन होत नाही. पण तुमच्याकडं लोक जसं बघतात ते तुम्ही तीन महिने सहन करताय, माझ्यामुळं, आणि तुम्हाला तर काही झालेलंच नाही.

तिसरी गाडी लागली. नाही, ही न्हावऱ्याची.

आज शुक्रवार नाहीच मुळी, मंगळवार आहे. जुम्म्याला अजून वेळ आहे. आधी साहेबरावकडं जाऊन येतो.

शोएब

 

दौंड स्टेशन, ५ मे २०००

सुमैया यांना,

मधले दोन जुम्मे गेले, त्याबद्दल काही विचारू नका. एकदा केडगावपर्यंत आलो होतो.

तुम्हाला आतापर्यंत कुणीतरी सांगितलं असेल, पण चार तोंडांनी चार प्रकारचं. म्हणून माझ्या तोंडचं लिहितोय. सुलतानबींना आत्ता बाजारात गाठून त्यांच्याच हाती देणार आहे.

नमाज झाली. मी उठलो. मशीन शर्टाच्या बाहेर, छातीवर, दोरीनं बांधलेलं, वायर सगळ्यांना दिसेल अशी. साहेबरावनंच सुचवलं होतं. म्हणाला, “लपवलं की लोक शोधत्यात. बाहेर काढलं की पाच मिंटं बघत्यात आन् मग त्यांना आपापली कामं असत्यात.”

म्हणालो, “मी शोएब. निकाहातनं उठलो तो.”

सगळी तोंडं एकदम हलायला लागली. अपेक्षेप्रमाणं हू हू हू. तुमचे अब्बा पहिल्या ओळीत होते, ते उठून उभे राहिले, काहीतरी बोलले. तोंड बघून कळलं की चांगलं काही नव्हतं.

मी म्हणालो, “इक्बालचाचा, मला हितं कळत न्हाई. आवाज घुमतो. बाहेर लिंबाखाली चला, तिथं काय मारायचं बोलायचं ते बोला.”

मे महिना, दुपारचे दोन. चपला सगळ्या दुसऱ्या दाराला. अंगणातली शहाबादी फरशी तव्यासारखी. तुमचे अब्बा अनवाणीच निघाले, त्यांच्यामागं वीस-पंचवीस माणसं, सगळी एका पायावरनं दुसऱ्या पायावर नाचत लिंबाच्या सावलीपर्यंत. मला हसू आलं, आणि मी ते आवरलं. एवढं तरी शहाणपण देवानं दिलं.

लिंबाखाली मी सगळं सांगितलं. ताप, मशीन, मफलर, चिमटे. “पोरीत खोट न्हाई. खोट हितं हाय,” म्हणून कानाला हात लावला. “आमच्या घरच्यांनी लपवलं आन् मीबी लपवलं. ती आत व्हय म्हणून बसली व्हती. मी न्हाई म्हणालोच न्हाई. मला तिचं नाव ऐकू आलं न्हाई, म्हणून मी गप्प बसलो.”

काजीसाहेब पुढं आले. तोंड माझ्यासमोर धरून सावकाश म्हणाले, “मी तर माईकवर विचारलं होतं.”

“माईकमुळंच तर, काजीसाहेब.”

मागनं कोणीतरी हसलं. तुमचे अब्बा हसले नाहीत. ते अगदी जवळ आले, एवढे की त्यांच्या तोंडाला इलायचीचा वास येत होता तो मला आला. म्हणाले, “अरे, ऐकू आलं न्हाई तर आलं न्हाई. कबूल म्हणून टाकायचं की! मांडवात ऐकतो कोण? माझ्या निकाहात मला भूक लागली व्हती, म्या तरी काय ऐकलं?”

हे मला सगळं, अक्षर न अक्षर कळलं. लिंबाखाली, हातभर अंतरावर.

मी म्हणालो, “चाचा, आजवर सगळ्याला न ऐकता व्हय म्हणत आलोय. तिला तसं म्हणवलं न्हाई.”

 त्यांनी माझ्या छातीवरच्या मशीनकडं बोट करून विचारलं, “ह्याला सेल कुठला लागतो?”

मी सांगितलं, पेन्सिल सेल.

“चांगल्यातला टाकत जा,” म्हणाले, आणि फरशी चुकवत कडेकडेनं निघून गेले.

बाकी मी काही मागितलं नाही. मागायला आलोच नव्हतो. दौंडाला आता माहीत आहे. पुढं तुमचं काय ते तुम्ही बघणार होता. पुण्याच्या त्या घरानं पुन्हा निरोप पाठवला तर त्यांचं ऐकून घ्या, मी रागावणार नाही. रागावेन, पण तुमच्यावर नाही.

गाडीला अजून पाऊण तास आहे. स्टेशनवर कसलीतरी घोषणा चाललीय. मला एक शब्द कळत नाही, आणि आज पहिल्यांदाच मी शेजारच्याला विचारलं, “मला ऐकू येत नाही, काय म्हणतायत?” तो म्हणाला, “कुणाला म्हाईत भाऊ, मला बी कळत न्हाई.”

शोएब

 

दौंड, ४ जून २०००

सुमैया,

मायना सापडला. एवढाच.

तुम्ही पलीकडं बायकांत आहात, मी इकडं पुरुषांत, मधे तुमच्याच गोधड्या. जेवणं चाललीयत. सुलतानबींच्याच हाती हा कागद देतोय. त्यांना वाचता येत नाही, पण आज त्या नाक्यावरच्या पोलिसासारख्या पडद्याला उभ्या आहेत, त्यांच्याशिवाय पत्र पलीकडं जाणार नाही. “लोकांच्या ऑर्डरीच्या गोधड्या हायत, हळदीचा डाग पडला तर नवरदेवाकडनं धुऊन घीन,” असं त्यांनी मला सकाळपासून तीनदा सांगितलंय. तिन्ही वेळा कळलं.

निकाह माझ्याशीच करायचा आणि तो फुफूंच्या खोलीतच, नाहीतर लावायचाच नाही, असा हट्ट तुम्ही अब्बांपाशी धरलात, ते मला अजीमभाईनं सांगितलं. चारशेच्या जागी चौदा माणसं. अजीमभाई माझ्या शेजारी बसला आणि दोन्ही हात मुद्दाम मांडीवर उताणे ठेवून मला दाखवले, बघ, चिमटा नाही. काजीसाहेब गुडघ्याला गुडघा लावून समोर. माईक नाही. सेहरा मी कपाळावर वर टाकला, कुणी काही म्हणालं नाही.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहितोय ते.

काजीसाहेबांनी पहिल्यांदा विचारलं आणि मी गप्प बसलो. गोधड्यांच्या पलीकडं एकदम शांतता झाली. बांगड्यासुद्धा वाजेनात, ते मला मशीनमधनंही कळलं. तुमच्या अब्बांनी डोळे मिटले. अजीमभाईचा हात मांडीवरनं उचलला गेला. मग मी म्हणालो, “काजीसाहेब, पुन्हा एकदा विचारा.” ते जवळ सरकले, माझ्या कानाशी येऊन पुन्हा सगळं म्हणाले, आणि मग मी तीनदा कबूल म्हणालो, तिसऱ्यांदा जरा जास्तच मोठ्यानं, तुमच्या अब्बांनी दचकून डोळे उघडले.

तेवढ्या वेळात तुमच्या जिवाचं काय झालं असेल ते मला आत्ता, बिर्याणी पुढं आल्यावर सुचतंय. माफ करा. लोक म्हणतायत, बिचाऱ्याला ह्याही वेळी ऐकू आलं नाही. म्हणू देत.

तुम्हाला मात्र खरं सांगतो. पहिल्याच वेळी आलं होतं. सुमैया बिन्ते इक्बाल, सगळं, स्वच्छ, एकही शेपटी न पडता. एवढं नीट ऐकू आलं, की अजून एकदा ऐकावंसं वाटलं.

शोएब